सकारात्मक विचार मुर्दाबाद

“कुलगुरू…”

“मुर्दाबाद.”

“अहो, काय हे! बारशाला आल्यासारखं काय म्हणताय? जरा जोरात म्हणा की!”

असं गॅलरीतून ओरडणारी बाई मी, आणि कुलगुरूही मीच.

शनिवारची दुपार होती. येरळाकाठ विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर आमचे तीसेक कर्मचारी उन्हात उभे होते. प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं लावलेला बिल्ला, आणि बिल्ल्यावर लाल अक्षरात लिहिलेलं ‘आंदोलक’. लेखा विभागातले चोपडे मान वर करून मला बघायचे, वीस वर्षांच्या सवयीनं नमस्कार करायचे आणि लगेच तोच हात मूठ वळून वर न्यायचे. सगळ्यांच्या पुढे आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर लोखंडे बाई. आडनाव एवढं भक्कम, पण आवाज असा की फोनवर बोलल्या तर लाइन कट झाली असं वाटावं. ह्या आमच्या आंदोलनाच्या नेत्या.

आता हा काय उद्योग होता ते सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाल.

मी रसायनशास्त्राची. माझं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं आणि पन्नाशी उलटल्यावर कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की हिला कुलगुरू करावं. केलं. मी हजर झाले त्या पहिल्याच दिवशी एक गृहस्थ भेटायला आले. शर्टाची वरची गुंडी लावलेले, टोपी हातात. माझ्या आधीच्या कुलगुरूंच्या वेळी मुलांचा मोर्चा आला होता. प्रशासन घाबरलं, पोलीस आत बोलावले गेले, धक्काबुक्की झाली आणि काही मुलांवर गुन्हे दाखल झाले. त्यात ह्यांचा मुलगा होता. सैन्यात निवड झालेला. गुन्ह्यामुळे नेमणूक गेली. “काय मागाय आलो न्हाई मॅडम,” ते म्हणाले, “तुमी नव्या आला, म्हणून सांगून ठेवलं.” आणि चहा न घेता गेले.

त्याच दिवशी दुपारी माझा स्वागताचा कार्यक्रम होता. तिथं मी भर सभेत म्हटलं, “माझ्या कारकिर्दीत पोलीस ह्या फाटकाच्या आत येणार नाहीत.” टाळ्या पडल्या. आमचे कुलसचिव शिंगटे मात्र कपाळाला हात लावून बसले होते. “मॅडम, बोलून बसलात,” ते नंतर म्हणाले. शिंगटे म्हणजे मनानं सरळ आणि कामाला वाघ, पण भित्रे. मांजर आडवं गेलं तरी त्याची नोंद आवक रजिस्टरला करतील.

तीन महिने सुखाचे गेले. मग त्या आठवड्यात मंगळवारी जयमाला खिलारे आली.

तीन-चार मुली आत आल्या आणि आल्याबरोबर एकीनं मोबाइल वर धरला. मी विचारलं, “हे काय?”

“फोटो मॅडम. निवेदन देताना काढायचा असतो.”

“बरं बाई, काढा.” मी पदर सारखा केला, निवेदनाचं एक टोक मी धरलं, एक जयमालानं. मोबाइलवाली म्हणाली, “मॅडम, थोडं गंभीर.” झालो आम्ही गंभीर. फोटो निघाला आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

जयमाला उंच, काळीसावळी, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. बोलणं एकदम नीट. म्हणाली, “मॅडम, आमच्या हॉस्टेलचं दार सकाळी सातला उघडतं. साडेसातला तास. संध्याकाळी मैदानावर मुलांचं क्रिकेट. आम्ही बारा जणी पोलीस भरतीची तयारी करतोय. पळायचं कधी? दार पहाटे पाचला उघडा, एवढंच मागणं आहे.”

मला ते अगदी रास्त वाटलं. मी शिंगट्यांकडे पाहिलं. शिंगट्यांनी डोळ्यांनीच ‘नको’ म्हटलं आणि तोंडानं म्हणाले, “वसतिगृहाचा नियम आहे, मॅडम. सुरक्षेचा प्रश्न. उपसमिती नेमावी लागेल.” मी नवी होते. तीन महिन्यांत एवढं शिकले होते की अशा वेळी म्हणायचं एक वाक्य असतं. ते मी प्रेमानं म्हटलं, “जयमाला, तुमच्या मागणीचा आम्ही नक्की सकारात्मक विचार करू.”

पोरीचा चेहरा पडला.

“मग मॅडम, सोमवारी मोर्चा,” ती म्हणाली.

“अगं, सकारात्मक म्हटलं ना मी!”

“म्हणूनच मॅडम.”

मला काही कळेना. बाकीच्या मुली बाहेर गेल्या तशी मी तिला थांबवलं. “हे बघ, मोर्चात काही कमीजास्त झालं, तुझ्यावर केस पडली, तर भरतीचं काय होईल माहितेय ना?”

“माहितेय की. चारित्र्य पडताळणीत उडवतील. भरती संपली.”

“मग?”

“मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात आहे, मॅडम. दार नाही उघडलं तर तशीही संपलीच. मग निदान ओरडून तरी संपू दे.”

आणि गेली. मला त्या टोपीवाल्या गृहस्थांची आठवण झाली. मी ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, ह्या पोरीचं नाव पोलिसांच्या कागदावर चढता कामा नये.

शिंगट्यांनी मात्र ह्या प्रसंगासाठी जन्म घेतलेला होता. कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन ते एक जाडजूड आराखडा घेऊन आले होते: ‘विद्यार्थी आंदोलन: पूर्वतयारी व प्रतिसाद’. त्यात हिरवा टप्पा, पिवळा टप्पा आणि लाल टप्पा. हिरव्यात घोषणा. पिवळ्यात कुलगुरूंनी स्वतः खाली येऊन निवेदन स्वीकारायचं, दोन शब्द बोलायचे, आंदोलक पांगतात. लाल टप्प्यात पोलीस.

“लाल टप्पा खोडा,” मी म्हटलं.

“मॅडम, आराखडा अपुरा दिसेल.”

“दिसू दे.”

शेवटी तडजोड झाली की लाल टप्प्यात फोन नुसता कानाला लावायचा, नंबर लावायचा नाही. आणि सोमवारच्या आधी सगळं नीट बसावं म्हणून शनिवारी अर्ध्या सुट्टीनंतर रंगीत तालीम घ्यायची. आंदोलक कोण? आपलेच कर्मचारी. मागणी कोणती? खरीच घेऊ, म्हणजे तालीम खरी होईल. नेता कोण?

“लोखंडे बाई,” शिंगटे लगेच म्हणाले. “त्यांना आवाजच नाही. धोका नाही.”

तर अशी ती शनिवारची दुपार. पहिल्या दहा मिनिटांत ‘मुर्दाबाद’ला जरा रंग चढला. आस्थापना विभागातल्या बायका लाजत लाजत का होईना, मुठी वर करू लागल्या. चोपडे तर आता नमस्कार विसरून दोन्ही हात वर नेत होते. एकदा तर त्यांनी माझ्या आधीच्या तीन कुलगुरूंची नावं घेऊन ‘मुर्दाबाद’ म्हटलं. तो जुना हिशेब असावा. “कोण म्हणतं देणार नाही? घेतल्याशिवाय राहणार नाही!” असा गजर झाला तेव्हा झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. शिंगट्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली आणि ओरडले, “हिरवा टप्पा समाप्त! पिवळा टप्पा!”

मी जिना उतरून खाली आले. लोखंडे बाईंनी निवेदन पुढे केलं, एक टोक मी धरलं, एक त्यांनी. आम्ही गंभीर झालो, कुणीतरी फोटो काढला. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आपल्या मागणीचा आम्ही सकारात्मक विचार करू.”

आराखड्याप्रमाणे बाईंनी ‘धन्यवाद मॅडम’ म्हणायचं होतं. मग सगळ्यांनी पांगायचं आणि कँटीनमधून आणलेले बटाटेवडे खायचे.

बाईंनी निवेदनाचं टोक सोडलंच नाही.

“बाई, धन्यवाद म्हणा,” शिंगटे बाजूनं कुजबुजले.

“नाही,” लोखंडे बाई म्हणाल्या.

“काय नाही?”

“सकारात्मक विचार नको.”

मागून चोपड्यांचा आवाज आला, “बरोबर हाय! मॅडम, ह्ये वाक्य आमीच टाइप करतोय की. वीस वर्षं झाली. आमाला नका सांगू.”

“सकारात्मक विचार म्हणजे फाइल कपाटात,” आस्थापनेतल्या एक बाई म्हणाल्या.

“आणि ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ म्हणजे कपाटाच्या वर!” दुसरी म्हणाली.

“माझ्या बदलीचा सात वर्षं सकारात्मक विचार चाललाय!” तिसरा कुणीतरी ओरडला.

मोठा हशा झाला. मलाही हसू आवरेना, आणि त्याच वेळी मंगळवारचा जयमालाचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आला. म्हणजे त्या पोरीला ह्या वाक्याचा अर्थ ठाऊक होता, माझ्या सगळ्या कार्यालयाला ठाऊक होता, आणि मी ते एखाद्या पेढ्यासारखं वाटत सुटले होते! हसू तिथंच थांबलं.

तेवढ्यात लोखंडे बाईंनी काय करावं? त्या फरशीवर मांडी घालून बसल्या, मान वर केली आणि छातीतून असा आवाज काढला की मी एक पाऊल मागे सरकले.

“सकारात्मक विचार…”

“मुर्दाबाद!”

तीसच्या तीस माणसं खाली बसली. शिंगट्यांनी शिट्टी फुंकली, मग आणखी एकदा फुंकली. “बाई, संपली तालीम! उठा! वडे आलेत!”

“वडे आम्ही इथंच खाऊ,” बाई म्हणाल्या.

ह्या गोंगाटानं वसतिगृहाच्या मुली धावत आल्या. पुढे जयमाला. समोरचं दृश्य बघून ती जागच्या जागी उभी राहिली. जी बाई रोज रात्री हजेरी घेऊन आपल्याला आत घालते, तीच बाई फरशीवर बसून दार उघडा म्हणून ओरडतेय! तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

“बाई, ही आमची मागणी आहे.”

“माझीपण आहे गं,” बाई म्हणाल्या. “बस.”

जयमाला बसली. तिच्या मागे पंधरा-वीस मुली बसल्या. आता घोषणांना तरण्या गळ्यांची साथ मिळाली आणि चोपड्यांना तर अंगात आल्यासारखं झालं.

शिंगटे घामाघूम झाले. “बिल्ला नसलेल्या आंदोलकांनी बाजूला व्हा!” ते ओरडत होते. “ही तालीम आहे! खऱ्या आंदोलकांनी सोमवारी यावं!” कोण ऐकतंय! त्यांनी आराखड्याची पानं भराभरा उलटली. पिवळ्या टप्प्यात आंदोलक पांगले नाहीत तर पुढचा टप्पा लालच होता. ते खांबामागे गेले. मी मुलींच्या गडबडीत होते, मला वाटलं नुसता फोन कानाला लावतायत. पण घाबरलेल्या माणसाची बोटं त्याचं ऐकत नाहीत. शिंगट्यांनी नंबर लावला.

पोलीस चौकी विद्यापीठाच्या फाटकासमोरच होती. शिंगट्यांनी खांबामागून बाहेर येऊन कपाळ पुसलं तोवर जीप आत आलीसुद्धा.

माझं पहिलं वाक्य, भर सभेतलं, तिथंच मातीत गेलं. पण त्याचं मला काही वाटलं नाही. मी जयमालाकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, पण ओठ पांढरे पडले होते. तिच्या शेजारची मुलगी रडायला लागली होती.

जीपमधून फौजदार सरगर उतरले, मागे चार हवालदार. सरगर आडदांड, मिशा झुपकेदार. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, “पैलवान कुठं हायत?”

“कसले पैलवान?” मी म्हटलं.

“आवो, काल ह्या साहेबांनी फोन केलता, ‘शनिवारी विद्यापीठात तालीम हाय, दंगा ऐकू आला तर घाबरू नका.’ आमी म्हटलं, चांगलं हाय, विद्यापीठात तालीम काढली, पोरं कुस्ती करतील. आत्ता फोन आला, ‘तालीम हाताबाहेर गेली, लवकर या!’ म्हणून मी दांडगी चार माणसं निवडून आणली.” त्यांनी फरशीवर बसलेल्या आस्थापना विभागाकडे पाहिलं. आस्थापना विभाग वडे खात होता. “हे कोन?”

“ही रंगीत तालीम आहे,” शिंगटे मेल्या आवाजात म्हणाले. “आंदोलनाची.”

“म्हंजी आंदोलन खोटं?”

“खोटं, खोटं! सगळे आमचेच कर्मचारी. बिल्ले बघा. ज्याला बिल्ला तो खोटा.”

सरगरांनी बिल्ले पाहिले. मग त्यांची नजर मुलींवर गेली. “ह्यांना बिल्ले न्हाईत ते? ह्या मग खऱ्या?” त्यांनी हवालदाराकडे हात केला. “नावं घ्या रं.”

मी पुढे होऊन काही बोलणार, तोच लोखंडे बाई उठल्या. कशा तर एकदम, गुडघ्याला हात न लावता. त्यांनी स्वतःच्या पदरावरचा बिल्ला काढला, जयमालाच्या खांद्यावर लावला आणि टाचणी नीट आत खोचली.

“ह्या तालमीतल्याच आहेत, साहेब,” त्या म्हणाल्या. “बिल्ले कमी पडले होते.”

मग आस्थापनेतल्या बाईंनी वड्याचा हात साडीला पुसला आणि आपला बिल्ला शेजारच्या मुलीला लावला. मग दुसरीनं. चोपड्यांनी आपला काढला, तर टाचणी बोटात घुसली. त्यांनी एक सणसणीत शिवी दिली आणि बिल्ला मागच्या मुलीच्या हातात ठेवला. बघता बघता सगळ्या मुली अधिकृत आंदोलक झाल्या, आणि अधिकृत आंदोलक म्हणजे आंदोलक नव्हेत, हे तर कुलसचिवांनी आत्ताच फौजदारांना सांगितलं होतं.

सरगर मूर्ख नव्हते. त्यांनी मिशांवरून हात फिरवला. “बरं. तालीम तर तालीम. आणि ह्याला परवानगी कुनाची?”

“माझी,” मी म्हटलं. “कुलगुरू मुर्दाबाद म्हणायला मीच सांगितलं. शेवटी शेवटी बरं म्हणत होते.”

ते हसले. मग म्हणाले, “आंदोलन खोटं, आंदोलक खोटं, समजलं. मागनी तरी खरी का तीबी खोटी?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला काही सुचेना, आणि मला सुचेनासं झालं की मी चिडते. मी चिडले ती नेमकी लोखंडे बाईंवर.

“बाई, एक सांगा मला. तुम्ही रेक्टर आहात. एवढा कळवळा आहे तर दार तुम्हीच का उघडत नाही? तुमच्या हातात आहे ना!”

“माझ्या हातात कसं असेल, मॅडम?” बाईंचा आवाज पुन्हा पूर्वीचा, बारीक झाला. “कुलूप बाहेरून असतं.”

“म्हणजे?”

“रात्री चौकीदार बाहेरून कुलूप लावतात आणि किल्ली मेन गेटवर नेऊन ठेवतात. सकाळी सातला येऊन काढतात. मी आतच राहते. मुलींबरोबर मीपण आतच असते. चौदा वर्षं झाली. मुली तीन वर्षांनी सुटतात.”

वडे खाणाऱ्यांचे हात थांबले. फौजदारांनी टोपी काढून काखेत धरली. माझ्या डोक्यात प्रयोगशाळेत लागणाऱ्या आगीचे सगळे प्रकार एकदम येऊन गेले: गॅस, वायरी, स्टोव्ह. दीडशे मुली. कुलूप बाहेरून. किल्ली अर्धा मैल लांब. आणि आमच्या आराखड्यात हिरवं पान, पिवळं पान, लाल पान.

“रात्री एखादी आजारी पडली तर?” मी विचारलं.

“खिडकीतून हाका मारतो. चौकीदाराला ऐकू गेलं तर येतात.”

बाईंचा तो फरशीवर बसून काढलेला आवाज कुठून आला होता ते मला तेव्हा समजलं. खिडकीतून हाका मारून कमावलेला होता तो. दिवसा त्याचं काही काम नसे, म्हणून आम्ही ऐकला नव्हता.

“शिंगटे,” मी म्हटलं, “किल्ली आणा.”

“मॅडम, व्यवस्थापन परिषदेचा ठराव… निदान उपसमिती…”

“शिंगटे. किल्ली.”

शिंगट्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. काय वाटलं त्या माणसाला कोण जाणे. कुणाला सांगितलं नाही, शिपायाला हाक मारली नाही, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून स्वतः मेन गेटकडे पळत सुटले. पोट हलत होतं, चष्मा उड्या मारत होता. “साहेब, पाय उचला! गुडघे वर!” जयमाला मागून ओरडली, आणि सगळ्या मुली टाळ्या वाजवू लागल्या.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ली होतीच, वर कुलूपही होतं. धापा टाकत म्हणाले, “मॅडम, आराखड्यात हे नव्हतं.” डोळे भरले होते त्यांचे. मी म्हटलं, “आता घाला. पहिल्या पानावर.” किल्ली मी लोखंडे बाईंच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “कडी आतून. दार उद्या पहाटे पाचपासून उघडं. विचार झालेला आहे, सकारात्मक का काय तो.”

जाताना सरगर जयमालापाशी थांबले. तिच्या खांद्यावरच्या बिल्ल्याकडे बघत म्हणाले, “भरतीला हायस व्हय?”

“हो.”

“मग पळताना पहिल्या फेरीत दम नको घालवू. पोरी सगळ्या तिथंच चुकतात.” आणि जीप गेली. कागदावर एकही नाव चढलं नाही.

सोमवारचा मोर्चा झाला, बरं का. जयमाला रविवारी येऊन म्हणाली, “मॅडम, बॅनर तयार आहेत, मुलं तालुक्यावरनं येणार आहेत, आणि मागणी तर मान्य झाली. आता काय करायचं?” मी म्हटलं, “मोर्चा काढा, मागणी शोधा.” त्यांनी मेसच्या आमटीत डाळ दिसली पाहिजे अशी मागणी शोधली. मी खाली जाऊन निवेदन घेतलं, गंभीर फोटो काढला, आणि दोन शब्द बोलायच्या ऐवजी सगळ्यांना घेऊन मेसमध्ये जेवायला बसले. आमटी चाखली आणि त्या दिवशी मेसवाल्याशी माझी जी जुंपली, तिला मात्र पोलीस बोलवायला हवे होते. जयमाला पुढे भरती झाली. पहिल्या फेरीत दम घालवला नाही, असं तिनं मुद्दाम फोन करून कळवलं.

पण मला सांगायचीय ती रविवारची पहाट.

मी गजर लावून उठले आणि शाल गुंडाळून वसतिगृहासमोर जाऊन उभी राहिले. अजून अंधारच होता. आतून कडी वाजली, दार उघडलं. मला वाटलं, आता पोरी उधळतील. तर बाहेर आल्या लोखंडे बाई. नऊवारी नाही, पाचवारीच, पण खोचलेली, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट नवे कोरे होते. पायरीवरून उतरल्या, रस्त्यावर आल्या आणि तिथंच थांबल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

“काय झालं, बाई?” मी विचारलं.

“काही नाही हो मॅडम,” त्या म्हणाल्या. “बूट घेऊन ठेवले होते कधीचे. पण बाहेर आल्यावर कुठं जायचं, ते ठरवलंच नव्हतं.”

मला एकदम भरून आलं. बाई तशाच उभ्या राहिल्या, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

मागून धाडधाड पावलं आली. जयमाला आणि तिच्या अकरा जणी. त्यांनी वेग कमी केलाच नाही. “बाई, चला!” म्हणत जयमालानं जाता जाता बाईंचा हात धरला आणि ओढलाच. बाई दोन पावलं धडपडल्या, तिसऱ्याला सावरल्या आणि चौथ्याला पळायला लागल्या. एका हातात निऱ्या, एक हात पोरीच्या हातात. माझ्या शेजारून जाताना त्यांनी मान वळवली. अंधारातही त्यांचं हसू दिसलं.

“मुर्दाबाद, मॅडम!”

मी मूठ वर केली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आम्हा दोघींचा रोजचा नमस्कार तोच होता.